आयोडीनचे दिवस

२ जानेवारी, गुरुवार

आवाज बसला आहे म्हणून लिहायला बसले. दुकानात दिवसभर तोंड चालवणारी बाई मी, आणि आता चहा हवा असला तर टाळी वाजवावी लागते. मधुकरराव म्हणतात, "संसारात पहिल्यांदा शांती आहे घरात." उशी फेकून मारली असती, पण मान वळत नाही.

बोलताना मी आपली नागपुरी, पण पेन हातात धरलं की शाळेतली भाषा येते. येऊ दे.

गळ्यातली गाठ काढली. गाठीसोबत थायरॉइडची ग्रंथीही पूर्ण काढली. आवाजाची नस दुखावली आहे, हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. गाठ कॅन्सरची होती. हा शब्द घरात कोणी काढत नाही. मुलगा जितेंद्र 'ते' म्हणतो, मधुकरराव 'तुझं गळ्याचं' म्हणतात. फक्त सून, काजल, सरळ बोलते. "आई, कॅन्सर आहे, आणि बरा होणारा आहे. दोन्ही खरं आहे."

गाठ हाताला लागली त्याला बराच काळ झाला. आधी जितूचं लग्न होतं. मग गेल्या पावसाळ्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि त्याच आठवड्यात काजलचं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना मी कुठे दवाखान्यात जाऊन निजू? तारीख रद्द केली. तिला तेव्हाच सांगून ठेवलं, "पुढच्या खेपेले मी सगळं सोडून तुझ्याजवळ बसीन. दुकान नाही, दवाखाना नाही, काही नाही." डॉक्टर या वेळी त्यावरून रागावले तेव्हा काजल खाली मान घालून ऐकत होती. तिचा काय दोष त्यात!

११ जानेवारी, शनिवार

ऑपरेशनने संपलं असं वाटलं होतं. नाही. ग्रंथीचे बारीक कण आत राहिलेले असू शकतात, ते मारायला एक गोळी घ्यायची आहे. किरणोत्सर्गी आयोडीन. घेतल्यावर दवाखान्यात बंद खोलीत राहायचं. कोणी भेटायला यायचं नाही.

जितूने समजावलं. सगळ्या शरीरात आयोडीनची भूक फक्त थायरॉइडच्या पेशींना असते. म्हणून आधी आयोडीन तोडायचं, त्यांना उपाशी ठेवायचं, आणि मग हे आयोडीन द्यायचं. त्या अधाशासारख्या ओढून घेतात आणि मरतात.

उपाशी पाहुण्याला विषाचं ताट वाढण्यासारखं आहे हे. मला ते बरं वाटलं नाही, मग वाटलं, पाहुणा तरी कोणता, तर कॅन्सर! वाढा.

तर आता दूध, दही, अंडी, बेकरीचं सगळं बंद. मीठही बिनआयोडीनचं. मधुकरराव मनीषनगरच्या चार दुकानांत विचारून आले. सगळे दुकानदार म्हणाले, आयोडीनवालंच चांगलं असते काका. शेवटी बर्डीच्या बाजारातून आणलं.

थायरॉइडची गोळीही अजून सुरू करायची नाही. त्यामुळे अंग जड झालं आहे, थंडी वाजते, डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. वरणाला फोडणी दिली की नाही हे आठवत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. हळदीकुंकवाचे दिवस म्हणजे आमच्या बांगड्यांच्या दुकानाची सुगी. यंदा सगळं काजलने ओढलं. संध्याकाळी घरी आली ती पांढरीफटक. मधुकररावांनी कढईत तीळ भाजायला घेतले होते, त्या वासाने धावत मोरीत गेली.

"पित्त आहे, आई."

आजकालच्या पोरी सकाळी काही खात नाहीत, मग पित्त होणारच. तिला आलेपाक दिला. दोन मिनिटांत तोही गेला.

१९ जानेवारी, रविवार

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी मी झोपले आहे असं समजून दोघं स्वयंपाकघरात बोलत होते. जितू म्हणाला, "आईले सांगून टाकू न. हे लपवून ठेवणं मले जमत नाही." काजल म्हणाली, "आत्ता नाही. सांगितलं तर त्या गोळी घेणार नाहीत. गोळी होऊ दे आधी." मग ती रडत होती बहुतेक. जितू पुन्हा पुन्हा म्हणत होता, "होईल बरं, या वेळी होईल बरं."

रिपोर्ट वाईट आला आहे. दुसरं काय लपवतील! पसरलं असणार. मी गोळी कशाला घ्यायची म्हणीन, अशी भीती त्यांना आहे.

संध्याकाळी मधुकररावांकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते आणि चेहरा मात्र हसरा. म्हणाले, "प्रेमिला, आता तर तुले जगावंच लागते." हे कधी असं बोलत नाहीत. म्हणजे यांनाही माहीत आहे.

मी विचारणार नाही. त्यांनी हिंमत धरली आहे, ती मी कशाला मोडू!

२३ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात गोळीची माहिती द्यायला बोलावलं होतं. डॉक्टर नव्हे, मिनल मॅडम. किरणांचं मोजमाप आणि सुरक्षा पाहणं हे त्यांचं काम. वयाने काजलपेक्षा थोड्या मोठ्या असतील. मी कुजबुजत विचारलं, "ॲटम बॉम्बमधलंच न हे?"

"काकू, तुमचं काय दुकान आहे?"

"बांगड्यांचं."

"मग सोपं आहे. एका बाईच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या भरल्या. त्यातली आज कोणती फुटेल, सांगता येईल?"

मी म्हटलं, "आम्ही 'फुटली' म्हणत नाही, मॅडम. अशुभ वाटते. 'वाढवली' म्हणतो."

त्या हसल्या. "बरं, कोणती वाढेल?"

"कसं सांगणार? एखादी भांडी घासताना पहिल्याच दिवशी जाते, एखादी वर्षभर राहते."

"पण तुम्ही हजार बायकांना बांगड्या भरल्या तर किती दिवसांत त्या परत येतात, याचा अंदाज असतो न?"

तो असतोच. त्यावर तर आम्ही माल भरतो.

"अणूंचं तसंच. त्यांच्या पोटात एक गर्भ असतो, म्हणजे मधला गाभा. काहींचा गाभा स्वस्थ असतो, काहींचा नसतो. तो कधीतरी बदलतो आणि बदलताना किरण बाहेर टाकतो. एकटा अणू कधी बदलेल हे कोणी सांगू शकत नाही. तो म्हातारा होत नाही, झिजत नाही. पण ढीगभर अणू असतील तर त्यातले निम्मे किती काळात बदलतील हे पक्कं सांगता येतं. या आयोडीनचे निम्मे आठ दिवसांत. उरलेल्यातले निम्मे पुढच्या आठ दिवसांत. याला अर्धायुष्य म्हणतात."

अर्धायुष्य! कोणीतरी शाप दिल्यासारखा शब्द. जितूकडे पाहिलं तर तो काजलकडे पाहत होता.

पुढे त्यांनी सांगितलं ते मला आवडलं. टेल्युरियम नावाचा पदार्थ अणुभट्टीत ठेवतात. तिथे न्यूट्रॉनचा मारा असतो. एक न्यूट्रॉन गाभ्यात शिरून बसला की टेल्युरियमचं आतलं गणित बिघडतं, आणि त्याचं आयोडीन होतं. आयोडीनलाही चैन पडत नाही, त्याचा झेनॉन होतो. झेनॉन हा वायू, कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. तिथे सगळं शांत. म्हणजे माझ्या गळ्यातलं विष शेवटी निरुपद्रवी वायू होऊन श्वासावाटे निघून जाणार.

मॅडमनी विचारलं, "घरात लहान मूल आहे? गरोदर कोणी? त्यांना तुमच्यापासून काही दिवस पूर्ण दूर ठेवावं लागेल." जितू म्हणाला, "लहान मूल नाही." काजल पाणी प्यायला उठली. आम्ही रिक्षात बसल्यावर ती बाटली विसरली म्हणून परत वर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा मागे मॅडमही होत्या. मला म्हणाल्या, "काकू, दवाखान्यात तुमचा मुलगा किंवा काका येतील. सुनेने यायचं नाही."

सुनेनेच का नाही? माझं काही बिनसलं तर तिच्याच्याने पाहवणार नाही, म्हणून असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

(इथून पुढची दोन दिवसांची पानं दवाखान्यात सुट्या कागदावर लिहिली. बाहेर पडताना मॅडमनी त्यांनाही मीटर लावून पाहिलं आणि मग दिली.)

गोळी घेतली. शिशाच्या जाड डब्यातून निघाली. मॅडम लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चावायची नाही, एकदम गिळायची. इतका भयंकर पदार्थ म्हणतात आणि जिभेवर चव म्हणून नाही. पाण्याबरोबर गेली. मी डोळे मिटून उभी. काही झालं नाही. मॅडमनी लांबून माझ्याकडे यंत्र धरलं तर ते कडकड कडकड बोलायला लागलं. आत्ताआत्तापर्यंत ते गप्प होतं.

सकाळी घरून निघताना मधुकररावांनी सूर्याला अर्घ्य दिलं. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, सूर्यही अणूंवरच चालतो. तिथे हलके गाभे एकमेकांत मिसळतात, त्यातूनच ऊन येतं. म्हणजे अणूला घाबरायचं तर सकाळी गच्चीवर कपडेही वाळत घालायला नको.

भिंती जाड आहेत. खिडकीतून कडुलिंबाचा शेंडा दिसतो. पाणी खूप प्यायचं, आंघोळ करायची, संडासात दोनदा पाणी सोडायचं. जेवणाचं ताट दाराजवळच्या टेबलावर येतं.

मी घरून निघताना काजल पायरीवर उभी होती. नमस्कार केला तो लांबून. मी जवळ घ्यायला हात पुढे केला तर एकदम रडायला लागली आणि आत पळाली. गोळी तर तेव्हा घेतलीही नव्हती!

५ फेब्रुवारी, बुधवार

शिशाच्या पडद्यापलीकडे दुसरी रुग्ण आहे. तुळसाबाई, उमरेडकडच्या. शेतकरीण. दिसत नाहीत, आवाज तेवढा येतो, आणि तो खणखणीत आहे. माझा घोगरा.

"बाई वं, तुमाले काई होऊन राहिलं का?"

"गळा थोडा दुखते. तुम्हाला?"

"मले काईच नाई. म्या त समजली, अंधारात चमकीन. चादर काढून पाहिलं, काईच चमकत नाई." मी हसले तर टाके ओढल्यासारखे झाले.

मॅडम दारातून आल्या तेव्हा तुळसाबाईंनी विचारलं, "मॅडम, माया अंगातून किरण निघतात, ते ज्याले लागतीन तो बी असाच होईन का?"

"नाही. तुम्ही उन्हात बसलात तर अंग तापतं, पण तुम्ही ऊन होत नाही. किरण लागणं वेगळं. पदार्थ लागणं वेगळं. पदार्थ तुमच्या लाळेत, घामात, लघवीत आहे. म्हणून ताट, टॉवेल वेगळे. आणि किरणांसाठी अंतर. दुप्पट लांब गेलं की जोर चौथाई होतो."

मग त्यांनी सांगितलं की या आयोडीनमधून दोन प्रकारचं निघतं. एक बारीक कण, तो मांसात जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन थांबतो. तोच रोगट पेशी मारतो. दुसरा किरण आरपार बाहेर पडतो, त्याच्यावरून यंत्राला कळतं की औषध कुठे जाऊन बसलं आहे. आणि आपल्या सगळ्यांच्या शरीरात जन्मापासून थोडं किरणोत्सर्गी पोटॅशियम असतंच. केळ्यात असतं, आलूत असतं.

तुळसाबाई म्हणाल्या, "मंग देवानंच आपल्याले असं बनोलं त घाबरायचं काहून?"

"थोडं आणि खूप यात फरक असतो, तुळसाबाई. मिठाचं तसंच असतं न?"

मिठाचं नाव काढताच दोघींनी एकदम उसासा सोडला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटरचा आकडा मर्यादेखाली आला म्हणून सोडलं. जितू घ्यायला आला. मी मागच्या सीटवर कोपऱ्यात, खिडक्या उघड्या.

घरी माझी खोली तयार होती. वेगळं ताट, वेगळी बादली, उशाशी नवं पाण्याचं भांडं. पडद्यालाही इस्त्री केलेली. हे सगळं काजलने केलं, आणि काजल नव्हती.

"वाडीले गेली," मधुकरराव दारातून म्हणाले. "माहेरी. राहीन थोडे दिवस."

"काहून?"

"राहीन थोडे दिवस," पुन्हा तेच. आणि चष्मा पुसायला लागले.

वाडी! तिचे वडील बळीराम तिथे ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला. दोन खोल्यांचं घर, दारासमोर ट्रक, धूर आणि हॉर्न. तिथे राहणं तिला बरं वाटतं, पण माझ्या घरात, दोन भिंती पलीकडे, नाही. मधुकरराव तर माझ्यासाठी जेवण दारात ठेवून जातात आणि तिथेच ओसरीत खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचतात, मला ऐकू यावा म्हणून. त्यांना भीती वाटत नाही. तिला वाटते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्या शरीराचं स्कॅन झालं. यंत्राखाली पडल्या पडल्या मनात एकच होतं. शेवटी मिनल मॅडमना विचारलंच, "खरं सांगा, कुठंकुठं पसरलं आहे?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या-पांढऱ्या चित्रात मी. गळ्याच्या जागी एक ठिपका, बाकी पोट, लघवीची जागा, जिथून औषध बाहेर जातं ती.

"हा ठिपका म्हणजे उरलेले कण. औषध तिथेच गेलं आहे, जिथे जायला हवं तिथे. फुप्फुस नाही, हाड नाही. काही नाही. पसरलं आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणीच नाही. मीच सांगितलं मला. घरी येईपर्यंत रिक्षातून सगळं नागपूर नवं दिसत होतं. मेट्रोचा खांबसुद्धा सुंदर वाटला.

आजपासून थायरॉइडची गोळी सुरू. आणि मीठ. नेहमीचं मीठ! भाजीत जास्तच टाकलं.

पण मग ते दोघं लपवत काय होते?

१५ फेब्रुवारी, शनिवार

काजलचा रोज फोन येतो. पहिला प्रश्न, "आई, बरं वाटते का?" दुसरा, "मॅडम काय म्हणाल्या? आकडा किती आला?" आज माझा तोल गेला. आवाज फुटत नसताना जितका जोर लावता येतो तितका लावून म्हटलं, "आकड्याशी तुले काय करायचं आहे? तू तर इथं नाहीस. इतकी घाण वाटते माझी?"

पलीकडे ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणाली, "आई, तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या," आणि फोन ठेवला.

आता मला कळलं आहे. त्यांना वेगळं राहायचं आहे. जितूला मिहानच्या कंपनीत पगारवाढ झाली, तिकडेच जवळ घर पाहिलं असेल. 'आईले सांगून टाकू' म्हणजे हेच. 'सांगितलं तर त्या गोळी घेणार नाहीत', म्हणजे दुःखाने. 'या वेळी होईल', म्हणजे घराचं काम. सगळं जुळतं. जितू परवा फोनवर 'तीन महिने झाले की सगळ्यांना सांगू' म्हणत होता, ते भाड्याच्या कराराचंच असेल.

जायचं तर जा. सरळ सांगून जा. मी काय पाय धरून ठेवणार होते?

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी मीटर लावून पाहिलं. यंत्र आळसावलेलं. मधूनच एखादी कडकड. "एवढं तर या भिंतींतूनही येतं, काकू," त्या म्हणाल्या. तरी आणखी आठवडाभर अंतर पाळा म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून कोणालाही जवळ घ्या. सुनेलाही सांगा, चालेल म्हणून. तिला तर आवर्जून सांगा."

त्यांनाही तिचीच काळजी. जशी काही ती काचेची आहे.

मी फोन केला नाही.

२ मार्च, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी मीच वाडीला गेले. मधुकररावांना सांगितलं, तोंडावर विचारून येते, वेगळं व्हायचं आहे का. ते म्हणाले, "अवं थांब, जितू येऊ दे." मी थांबले नाही. रिक्षातून उतरले तेव्हा अमरावती रोडवर ट्रकांची रांग होती. बळीरामांच्या गल्लीत शिरले. काजल उंबऱ्यावर बसली होती आणि तिची आई, जयवंताबाई, तिच्या डोक्यात तेल घालत होती. काजलचा चेहरा भरला होता. अंगात ढगळ गाऊन. पुढ्यात ताटलीत चिरलेली कैरी.

मी रस्त्याच्या अलीकडे, उभ्या ट्रकजवळ थांबले. काय काय बोलायचं ते ठरवून आले होते.

जयवंताबाई उठल्या. "या न विहीणबाई. लांब काहून उभ्या?" मग लेकीकडे वळल्या. "काजल, तुवं यायले अजून सांगतलंच नाई का वं?"

काजल उठली. एक हात पोटावर. माझ्या दुकानात रोज असे हात दिसतात, ज्यांना अजून सांगायचं नसतं त्या बायका असाच हात ठेवतात. जगाचं ओळखते मी. माझ्याच घरातलं मला कळलं नाही.

ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी मागे सरकले.

"आई."

"तिथंच थांब."

"आई, चालते आता."

"थांब म्हटलं न! दुप्पट लांब गेलं की चौथाई होते. मागे हो."

ती पुढे, मी मागे. शेवटी पाठीला ट्रकचं चाक लागलं. वरून क्लीनर ओरडला, "ओ मावशी, टायरले काहून टेकून राहिल्या, गाडी काढाची आहे!" मी त्याला हात दाखवला आणि मिनल मॅडमना फोन लावला. रविवार, तरी त्यांनी उचलला. मी एवढंच बोलू शकले, "मॅडम, सून. गरोदर. समोर उभी आहे."

"मला माहीत आहे, काकू," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी ती परत वर आली होती, तेव्हा सगळं विचारून गेली. तुम्हाला न सांगण्याचं वचन घेतलं माझ्याकडून. आज रविवार आहे न? घ्या जवळ. माझ्या शब्दावर घ्या."

फोन तसाच हातात. काजल समोर रडत होती. "तुम्ही म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेले सगळं सोडून माझ्याजवळ बसीन. दवाखाना नाही, काही नाही. तुम्ही खरंच केलं असतं ते, आई. मागच्या वेळी केलं न. मग मी कशी सांगू? मला बाळ पाहिजे. पण आजी नसलेलं नको."

मी तिला धरलं. किती दिवसांनी कोणाला धरलं! तेलाने माखलेली वेणी माझ्या गळ्यावरच्या वणाला लागत होती. दुखत होतं, पण सोडलं नाही. मागे ट्रकवाला हॉर्न देत होता, देऊ दे.

जितूला फोनवरच झापलं. मधुकररावांशी उद्यापर्यंत बोलणार नाही. हसून हसून सांगत होते, 'आता तर तुले जगावंच लागते', आणि मी इकडे मरायची तयारी करत होते!

१६ मार्च, रविवार

काजल घरी आली. सोनोग्राफीत ठोके ऐकवले म्हणे. मागच्या वेळी याच सुमाराला सगळं संपलं होतं. त्यामुळे घरात कोणी मोठ्याने आनंद करत नाही, सगळे जपून. पण मधुकरराव गुणगुणतात आणि आपण गुणगुणत आहोत हे त्यांना कळत नाही.

तिला विचारलं, "इतके दिवस तिकडे एकटीनं भीती नाही वाटली?"

"वाटली न. रोज. तुमच्या गोळीचीही आणि याचीही. मी मॅडमला फोन करून विचारायची, आता किती उरलं असेल. त्या म्हणायच्या, निम्म्याचं निम्मं झालं. मग मी बाळाला सांगायची, तू वाढ, तिकडं कमी होऊन राहिलं."

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

तिला वाटतं मी रागावले आहे. थोडी आहेच. असं मोठं ओझं पोरीने एकटीने वाहायला नको होतं. पण माझ्यासारख्या बाईला सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं. तेव्हाच मी गोळी पुढे ढकलली असती, आणि वर म्हणाले असते, त्यात काय, आठ-नऊ महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्ताचा रिपोर्ट बरा आहे. ठिपका गेला की नाही हे पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. बहुतेक जाईल, म्हणाले. बहुतेक. हा शब्द मला पूर्वी आवडायचा नाही. आता वाटतं, एका अणूचं जिथे कोणाला सांगता येत नाही तिथे एका बाईचं काय सांगणार? पण बहुतेकींचं बरं होतं, आणि त्या बहुतेकींत मीही बसते.

काजल सोबत होती. खिडकीवरच्या पोरीने संगणकात पाहून पुढच्या स्कॅनची तारीख दिली, सप्टेंबरचा तिसरा आठवडा. काजल एकदम माझ्याकडे पाहायला लागली. तिची बाळंतपणाची तारीखही तीच. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला वाचता आलं. आता आई म्हणेल, मग नंतर पाहू.

मी खिडकीत वाकले.

"बाई, त्याच्या आधीची दे. ऑगस्टमधली. सप्टेंबरात मले काम आहे."